पब्लिक टीव्हीवर आनंदीबाई : पाठवायचं कुठे हा प्रश्न शेवटचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिलाडेल्फियाजवळच्या एका महाराष्ट्र मंडळातल्या ताई लिहितात की, अमेरिकेच्या २५० व्या वर्षाच्या निमित्तानं मंडळाला डॉ. आनंदीबाई जोशींवर तासाभराचा माहितीपट करायचा आहे. पैसे मंडळातलेच तीन-चार व्यावसायिक घालणार आहेत, कॅमेरावाला घरचाच आहे, पार्श्वसंगीताला जुन्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डी वापरायचं ठरलंय. 'तयार झाला की पीबीएसला कुठे पाठवायचा, आणि ते साधारण किती पैसे देतात?'

मी बावीस वर्षं अमेरिकेतल्या पब्लिक टीव्हीत, म्हणजे जाहिरातींऐवजी देणग्या आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या टीव्हीत, काढली. सुरुवातीला जुनी फिल्म आणि फोटो शोधायचं काम, मग त्यांचे हक्क सोडवायचं, आणि शेवटची काही वर्षं बाहेरून आलेले माहितीपट बघून 'हो' किंवा 'नाही' कळवायचं. 'नाही'च जास्त वेळा. त्यातले बरेच 'नाही' चित्रीकरण सुरू व्हायच्या आधीच ठरून गेलेले असत, फक्त करणाऱ्याला ते दोन वर्षांनी कळे. तुमच्या प्रश्नात मला तशा तीन जागा दिसतात: गोष्ट कुणाची, पैसे कुणाचे आणि संगीत कुणाचं. पाठवायचं कुठे हे त्यामानानं सोपं आहे.

आधी एक गैरसमज. आपण दूरदर्शन बघत वाढलो, त्यामुळे पीबीएस (पब्लिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस) म्हणजे दिल्लीसारखं एक मोठं ऑफिस, तिथून सगळीकडे प्रक्षेपण, असं चित्र डोक्यात असतं. पीबीएस तसं नाही. १९६७ च्या कायद्यानं सरकारी पैसा वाटणारी सीपीबी ही संस्था जन्माला आली, आणि १९६९ मध्ये स्टेशनांनी एकत्र येऊन वापरायची संस्था म्हणून पीबीएस. पीबीएसच्या मालकीचं एकही स्टेशन नाही आणि ती स्वतः कार्यक्रमही बनवत नाही. 'अमेरिकन एक्स्पिरियन्स' ही इतिहासाची मालिका १९८८ पासून बोस्टनच्या स्टेशनानं बनवली, 'ऑस्टिन सिटी लिमिट्स' टेक्सासातल्या ऑस्टिनच्या स्टेशनानं, 'अमेरिकन मास्टर्स' न्यूयॉर्कच्या. म्हणजे दार एक नाही, तीनशेच्या वर आहेत. तुमचं दार तुमच्या गावातलं स्टेशन. फिलाडेल्फियात ते डब्ल्यूएचवायवाय.

त्यात सध्या परिस्थिती नेहमीची नाही. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, सीपीबीला पुढच्या दोन वर्षांसाठी मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले आणि सीपीबीनं स्वतःचं कामकाज आवरायला घेतलं. मोठ्या शहरातली स्टेशनं देणग्यांवर तग धरतात, लहान गावातल्यांचा सरकारी पैशाचा वाटा फार मोठा होता. याचे तुमच्यावर दोन परिणाम होतील. स्टेशनाकडून पैसे मिळण्याची आशा ठेवूच नका. पण तयार, स्वच्छ कागदपत्रांचा, फुकट मिळणारा आणि आपल्या गावाशी नातं असलेला कार्यक्रम आता त्यांना पूर्वीपेक्षा जास्त हवा असू शकतो. कुठलं स्टेशन, तिथल्या कार्यक्रमप्रमुखाचा कल काय, हातात माणसं किती, यावर हे अवलंबून आहे. हे तिथे जाऊनच कळेल.

आता गोष्ट. मंडळाच्या डोक्यात 'पहिली भारतीय महिला डॉक्टर, मराठी माणसाचा अभिमान' असं आहे हे मी प्रश्नातून ओळखलं. अभिमान खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पेनसिल्व्हेनियातल्या ज्या आजीबाई रात्री आठ वाजता स्टेशन लावून बसतात, त्यांना मराठी अभिमानाचं काय? गौरवाचे म्हणून जे कार्यक्रम इथे गाजले ते गौरव करायला बसलेच नव्हते. सप्टेंबर १९९० मध्ये माहितीपटकार केन बर्न्सची अमेरिकेतल्या १८६० च्या दशकातल्या यादवी युद्धावरची मालिका लागोपाठ पाच रात्री दाखवली गेली. साडेअकरा तास, युद्धाची हलती फिल्म नाहीच, कारण तेव्हा फिल्म नव्हती. फोटो, पत्रं आणि आवाज. तरी सुमारे चार कोटी लोकांनी त्यातलं काही ना काही पाहिलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते काय? ऱ्होड आयलंडच्या सलिव्हन बॅलू नावाच्या एका मेजरनं लढाईच्या आधी बायकोला लिहिलेलं पत्र. तो त्या लढाईतून परत आला नाही. राष्ट्राचा गौरव वगैरे त्या पत्रातून मागाहून पोचला.

तुमच्याकडे असं पत्र आहे. २८ जून १८८३ ला, न्यूयॉर्कला उतरून महिनाही झाला नव्हता तेव्हा, आनंदीबाईंनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी इंग्रजीत लिहिलेला अर्ज आजही फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेला आहे. वय अठरा. आणि ही गोष्ट फिलाडेल्फियाचीही आहे, ते तुम्ही विसरताय. १८५० मध्ये तिथे फक्त स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघालं. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे: आपापल्या देशाच्या पोशाखात तीन विद्यार्थिनी. भारतातून आलेल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या साबात इस्लामबुली. सिनेमाची सुरुवात तिथून करा. फिलाडेल्फियात जन्म गेलेल्या माणसालाही वाटेल की, अरे, हे आपल्या गावात घडलं आणि आपल्याला माहीत नाही? स्टेशनातला माणूस तुमच्या अर्जात नेमकं हेच शोधत असतो.

गोड-गोडच ठेवू नका. १८८२ मध्ये याच देशानं चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी ही मुलगी बोटीतून उतरली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तिला पोटच्या मुलीसारखं घरात घेतलं. या दोन्ही गोष्टी एकाच अमेरिकेच्या आहेत. आपल्या बाजूलाही तसंच. नवऱ्यानं, गोपाळरावांनी, तिला शिकवलं आणि छळलंही. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तिच्या अस्थी आहेत, त्या दगडावर शिक्षणासाठी भारत सोडणारी 'पहिली ब्राह्मण स्त्री' असं कोरलंय. तो शब्द कॅमेऱ्यात दिसणार. त्यावर बोलायला इतिहासाचा जाणकार लागेल, शक्यतो दोन, आणि मंडळाबाहेरचे. मंडळातल्या मोठ्यांना हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

पैशाचं तुम्हाला बहुधा सर्वात अनपेक्षित वाटेल. राष्ट्रीय पातळीवर कार्यक्रम घ्यायचा तर पैसे देणाऱ्याबाबत पीबीएस तीन गोष्टी तपासतं. पैसे देणाऱ्याच्या हातात आशयाची सूत्रं आहेत का? तशी नसली तरी बघणाऱ्याला तसं वाटेल का? आणि कार्यक्रम कुणाच्या मालाची जाहिरात होतोय का? स्टेशनंही साधारण याच मापानं मोजतात. मधल्या चाळणीत मंडळं हमखास अडकतात. समजा तुमच्यातल्या एका सराफानं दहा हजार डॉलर दिले आणि सिनेमात 'आनंदीबाईंपासून आजपर्यंत' म्हणत त्याची मुलाखत घेतली. त्यानं एका शब्दाचाही आग्रह धरला नसला तरी कार्यक्रम बाद. मंडळानंच पैसे दिले आणि सिनेमाच्या शेवटी मंडळाचा गणेशोत्सव दाखवला, तरी तीच कथा.

यातून वाट आहे. देणगीदारांना पडद्यावर आणू नका आणि मुलाखतही घेऊ नका. देणग्या एखाद्या बिनसरकारी, ना-नफा संस्थेच्या खात्यातून फिरवा, म्हणजे त्यांना करसवलत मिळेल आणि तुम्हाला अंतर राखता येईल. सुरुवातीला आणि शेवटी त्यांची नावं येतील, पण तिथेही नियम आहेत: किंमत सांगायची नाही, 'या, खरेदी करा' म्हणायचं नाही, 'सर्वोत्तम' म्हणून तुलना करायची नाही. सराफाचं नाव, गाव आणि काय विकतो एवढं चालतं. 'एकदा भेट द्याच' चालत नाही. हे देणगी घेण्याआधी सांगा, नंतर सांगितलं तर नातं तुटतं. आणि 'ते किती देतात' याचं उत्तर: काही नाही. अशा पहिल्या कार्यक्रमाला बहुतेक वेळा निर्मात्यालाच इंग्रजी कॅप्शनपासून ते हक्कांवरून कुणी दावा केला तर लागणाऱ्या विम्यापर्यंत खर्च करावा लागतो.

आता संगीत आणि हक्क. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं अर्धं आयुष्य यात गेलं आणि चांगले-चांगले कार्यक्रम इथेच बुडताना मी पाहिलेत.

नागरी हक्क चळवळीवर हेन्री हॅम्प्टननी केलेली 'आइज ऑन द प्राइझ' ही मालिका १९८७ मध्ये आली. अमेरिकेच्या इतिहासावरचं पब्लिक टीव्हीचं याहून मोठं काम मला सांगता येणार नाही. पण त्यातल्या बातम्यांच्या चित्रफिती, फोटो, गाणी यांचे हक्क ठरावीक वर्षांपुरते घेतले होते, कारण कायमचे घ्यायला पैसे नव्हते. मुदत संपली आणि मालिका कपाटात गेली. दाखवता येईना, विकता येईना. शाळांमध्ये जुन्या व्हिडिओ कॅसेट झिजेपर्यंत फिरत राहिल्या. त्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासाठी लोक वाढदिवसाचं 'हॅपी बर्थडे' गातात, त्या गाण्यावरही तेव्हा हक्क सांगितला जात होता. फोर्ड फाउंडेशनसारख्यांनी पैसे घातले, एकेक तुकडा नव्यानं सोडवला, आणि २००६ मध्ये ती परत दिसली. एवढ्या मोठ्या कामाची ही गत.

तुमचा विषय १८८०च्या दशकातला असल्यामुळे चित्रांच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. तो तीन विद्यार्थिनींचा फोटो, तो अर्ज, १८८८ साली बोस्टनमध्ये छापलेलं आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र, यातल्या कशावरही आता कॉपीराइट नाही. तरी इंटरनेटवरून फोटो उचलू नका. ज्या संग्रहात मूळ वस्तू आहे त्यांच्याकडून मोठ्या आकाराची प्रत घ्या, त्यांची फी असेल तर भरा, सांगतील तशी श्रेयओळ द्या आणि तो कागद फाइलला लावा. विमा कंपनी प्रत्येक चित्रामागचा कागद मागते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या छायाचित्रकारांनी नोकरीत काढलेले फोटो इथे सर्वांचे असतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ते ढिगानं आहेत, पण तिथलं सगळंच मोकळं नसतं. प्रत्येक फोटोखालची हक्कांची ओळ वाचायची.

जुन्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डी मात्र विसरा. लोक मला सांगतात, 'भारतात साठ वर्षं झाली की रेकॉर्ड मोकळी होते.' भारतात होते. तुम्ही दाखवणार अमेरिकेत. इथे २०१८ च्या कायद्यानं वेगळाच हिशेब लावलाय: १९२३ च्या आधीच्या रेकॉर्डी २०२२ मध्ये मोकळ्या झाल्या, १९२३ ते ४६ पर्यंतच्यांना शंभर वर्षं, पुढच्या दहा वर्षांच्यांना एकशे दहा, आणि १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंतच्या सगळ्या २०६७ पर्यंत बांधलेल्या. तुमच्या वडिलांच्या संग्रहातली १९६० ची रेकॉर्ड तुमच्या नातवंडांना वापरता येईल.

गाणं आणि रेकॉर्ड या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की वाट दिसते. 'सौभद्र' पुण्यात रंगभूमीवर आलं १८८२-८३ मध्ये. आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या एप्रिल १८८३ मध्ये. म्हणजे त्यांच्या काळाचं गाणं आहे आणि किर्लोस्करांचे शब्द केव्हाच मोकळे झालेत. तुमच्या परिसरात ऑर्गन, तबला आणि गाणारा गळा नक्की मिळेल. नव्यानं ध्वनिमुद्रण करा, प्रत्येक कलाकाराची सही घ्या, सगळ्या माध्यमांसाठी आणि कायमची. नंतरच्या गायकानं बदललेली चाल घेणार असाल तर ती कुणाची आणि कधीची ते तपासा. अमेरिकन बाजूला गीतकार स्टीफन फॉस्टर १८६४ मध्ये गेले, त्यांची गाणी तेव्हाच्या घराघरात पियानोवर वाजत. चाली मोकळ्या आहेत. शब्द मात्र वाचून घ्या, काहींत काळ्या लोकांची टर उडवलेली आहे.

'जुनी वाटते म्हणजे जुनी' असं समजू नका. यादवी युद्धाच्या मालिकेत ते पत्र वाचताना मागे वाजणारी, लोकांना १८६० ची वाटणारी व्हायोलिनची धून जे अंगर यांनी १९८२ मध्ये बांधली. नाव 'अशोकन फेअरवेल'. आपल्याला वाटतं सम्राट अशोकाशी काही संबंध असेल, पण अशोकन हे हडसन नदीपलीकडच्या डोंगरातलं गाव आहे, पकिप्सीपासून फार लांब नाही. दर वर्षी कुणीतरी ती 'पारंपरिक' म्हणून लावून पाठवतं.

माझी स्वतःची चूक सांगतो. एका नदीकाठच्या गावावरच्या अर्ध्या तासात एका म्हाताऱ्या बाई स्वयंपाकघरात बोलत होत्या. मुलाखत इतकी सुंदर की ओट्यावरचा रेडिओ चालू आहे हे मला ऐकूच आलं नाही. त्यांच्या आवाजाखाली वीस सेकंद एक गाजलेलं गाणं. आवाज वेगळा काढता येईना, हक्कांची किंमत आमच्या सबंध संगीताच्या बजेटपेक्षा जास्त. परत जाऊन मुलाखत घेतली, पण बाई तेच परत तसं बोलल्या नाहीत. तेव्हापासून कुणाच्या घरात शिरलो की मी आधी रेडिओ आणि टीव्ही बंद करतो, मग चहाला हो म्हणतो.

'पण पब्लिक टीव्हीला सवलत असते ना?' असते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ११८ खाली प्रकाशित संगीत ठरलेल्या दरानं वापरता येतं आणि ११४ खाली शैक्षणिक कार्यक्रमात रेकॉर्डीही. पण ही सवलत सार्वजनिक प्रसारणाच्या चौकटीपुरती आहे. कार्यक्रमाच्या प्रती लोकांना विकल्या, यूट्यूबवर टाकला, महाराष्ट्र मंडळांच्या अधिवेशनात पडदा लावून दाखवला, की तुम्ही चौकटीबाहेर. पुण्यात बसून यातले कित्येक कार्यक्रम का दिसत नाहीत याचं एक कारण हेच: हक्क अमेरिकेपुरते घेतलेले असतात. तुम्हाला तर तो पुण्याला, कल्याणला दाखवायचाच असणार, आनंदीबाईंचं माहेरच कल्याणचं. मग सवलतीवर विसंबून सिनेमा बांधूच नका.

इथपर्यंतचं एका दमात: गोष्ट गावाची करा, देणगीदाराला पडद्यावरून दूर ठेवा, संगीत स्वतः वाजवा.

राहिलं पाठवायचं. राष्ट्रीय वेळापत्रकात पीबीएस स्वतः घेईल ही शक्यता पहिल्या सिनेमाला जवळजवळ नाही, आणि त्याची गरजही नाही. आधी तुमचं स्टेशन 'आम्ही सादर करतो' म्हणायला हवं. मग नेटा किंवा अमेरिकन पब्लिक टेलिव्हिजन यांच्यासारख्या वितरकांकडून तो बाकीच्या स्टेशनांना मिळू शकतो, ज्याला हवा तो घेतो. लांबी काटेकोर: तासाचा कार्यक्रम म्हणजे ५६ मिनिटं ४६ सेकंद, अर्ध्या तासाचा २६ मिनिटं ४६ सेकंद. खरं सांगू? तुमचा विषय आणि हाती असलेली चित्रं पाहता मी अर्ध्या तासाचा करीन. आनंदीबाईंचे ओळखता येण्यासारखे फोटो मूठभर आहेत. तास भरायला तुम्ही बोटींची आणि ढगांची दृश्यं लावाल.

तारखेबद्दलही बोलू. ४ जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, हट्ट असेल तर सोडा. त्या संध्याकाळी वॉशिंग्टनहून मैफल असते, तोफांच्या आवाजात चायकोव्हस्कीचं १८१२ वाजतं (रशियानं नेपोलियनला हरवल्याचं संगीत अमेरिकेच्या वाढदिवसाला, पण त्यावर कुणी काही बोलत नाही), आणि तिथे कुणालाच जागा मिळत नाही. मार्च तुम्हाला आदर्श वाटेल: स्त्री-इतिहासाचा महिना, ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली, ३१ मार्चला जन्मदिवस. पण मार्च हा स्टेशनांचा देणग्या गोळा करायचाही मोसम. चांगल्या वेळा पन्नास-साठच्या दशकातल्या गाण्यांच्या मैफलींना जातात, कारण ती गाणी ऐकून लोक चेक लिहितात. मी त्या मैफलींना नावं ठेवत असे. मग एका वर्षी त्यांच्याच पैशांवर आमचा इतिहासाचा विभाग चालला, तेव्हापासून गप्प आहे. तुम्ही मे महिना मागा. तो आशियाई अमेरिकनांच्या वारशाचा महिना, आणि वेळापत्रकही जरा मोकळं असतं.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: दोन पानी टिपण इंग्रजीत लिहा, पहिल्या परिच्छेदात तो तीन मुलींचा फोटो, आणि स्टेशनच्या कार्यक्रमप्रमुखाला कॅमेरा भाड्यानं घ्यायच्या आधी पाठवा. पकिप्सीच्या दफनभूमीच्या ऑफिसलाही फोन करून ठेवा. चित्रीकरणाला परवानगी विचारावी लागते, आणि डिसेंबरनंतर गेलात तर दगडाच्या आधी बर्फ उपसावं लागेल.